बागकामानंतरचा ढीग कुणाला द्यायचा? (इंदूर)

सुदामानगरकर

मंडळी, नमस्कार.

मागच्या अंगणाचं काम नुकतंच करून घेतलं. जुनं लॉन उखडून नवं लावलं, कंपाउंडलगतची मेंदी आणि कण्हेर काढली, मधले पेवर ब्लॉक उचलून कडेने पायवाट केली. काम झकास झालंय. तक्रार आहे ती फाटकाबाहेरच्या ढिगाची. लॉनची ढेकळं, काळी माती, मेंदीच्या मुळ्या, कण्हेरीच्या फांद्या, फुटके पेवर, कुंड्यांची खापरं, खताच्या रिकाम्या गोण्या, सगळं एकात एक. ठेकेदार म्हणतो, "साहेब, उचलायचं ठरलंच नव्हतं." कोटेशनमध्ये त्याबद्दल ना हो आहे ना नाही.

सकाळची कचरागाडी हे घेणार नाही, आणि तिने घ्यावं असंही मी म्हणत नाही. कोपऱ्यावरचा एक ट्रॅक्टरवाला "कहीं भी डाल देंगे" म्हणतो. ते 'कहीं भी' म्हणजे बायपासकडे कुणाचा तरी रिकामा प्लॉट, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. वर पाऊस तोंडावर आलाय. एक जोराची सर आली की माती सरळ पाण्याच्या नालीत.

असं काम केल्यावर तुम्ही काय केलंत? खर्च किती आला? आणि मुळात हे उचलणं कुणाचं काम, ठेकेदाराचं की घरमालकाचं?

जिरावण

इंदूरमध्ये राहून कचऱ्याचा प्रश्न धाग्यावर विचारताय? हळू बोला भिया, भोपाळवाले ऐकतील.

हिरवाचाफा

सुदामानगरकर, फोटो टाका ना. ढिगाचा नको, नव्या लॉनचा.

प्लिंथलेव्हल

फोटो नंतर. आधी तो ढीग वेगवेगळा करा. आज आहे तसा तो कुणालाच नकोय, आणि त्याचं कारण साधं आहे. मातीवाल्याला त्यात पेवर नकोत, मलबावाल्याला फांद्या नकोत, खतवाल्याला दोन्ही नकोत. एकेक वेगळं केलं की प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, निगमात (महापालिकेत) कधी नव्हतो, पण मलबा आयुष्यभर पाहिलाय.

मजूर चौकातून एक माणूस आणा. फावडा, गेंती, तगारी आणि एक जाड चाळणी. चार ढीग घालायला सांगा: माती, ढेकळं, झाडोरा आणि दगड-विटा-पेवर. गोण्या, सुतळ्या, प्लास्टिक रोजच्या कचरागाडीत सुक्यात नाहीतर प्लास्टिकच्या कप्प्यात जाईल.

वजनाचा अंदाज ठेवा म्हणजे भाव करताना फसणार नाही. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, आपली साधारण एक ट्रॉली. कोरड्या भुसभुशीत मातीची ती ट्रॉली चार टनांच्या आसपास भरते. भिजली की आणखी जड. फांद्यांची ट्रॉली उंच दिसते पण वजन काहीच नसतं, नुसती हवा. म्हणून झाडोरा तोडून, बांधून द्यायचा. नाहीतर गाडीवाला हवेचेच पैसे घेतो.

आणि पहिल्या पावसाआधी मातीवर ताडपत्री. हे उद्यावर टाकू नका.

सुदामानगरकर

धन्यवाद काका. ताडपत्री आजच टाकतो. चाळणीचं डोक्यात आलं नव्हतं.

माती बरीच आहे. पलीकडच्या गल्लीत एकाचं घर चाललंय, त्याला प्लिंथमध्ये (जोत्यात) भरायला हवी आहे. फुकट न्यायला तयार आहे. देऊन टाकू का?

प्लिंथलेव्हल

अजिबात देऊ नका, आणि त्यालाही घेऊ नको म्हणून सांगा. आपली माळव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. प्लिंथमध्ये भरली तर वर्ष-दोन वर्षांत फरशी उचलली जाते, भिंतीला तिरक्या चिरा पडतात. भरावाला मुरूम लागतो, थरावर थर, पाणी मारून, धुम्मसाने कुटून. वर तुमच्या मातीत गवताच्या मुळ्या आहेत. त्या कुजल्या की आत पोकळी.

काळी माती द्यायची तर शेताला, बागेला, नर्सरीला. राऊ, महूकडच्या नर्सऱ्यांत विचारून पाहा.

वडोदराकर_वहिनी

आमच्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चाळलेली माती आहे, आपली पोती घेऊन या" एवढं टाकलं. संध्याकाळपर्यंत खाली जागा दिसायला लागली. गच्चीत बाग करणारे मातीसाठी कुठूनही येतात. फक्त 'चाळलेली' हा शब्द हवा. नुसतं "माती आहे" म्हटलं तर कुत्रं विचारत नाही.

वाकडतोंड्या

एवढा उपद्व्याप कशाला? झाडोरा वाळू द्या, रात्री काडी लावा. सकाळी राख. राखही खतच की.

हिरवाचाफा

वाकडतोंड्या, तुमच्या घराला शेजारी नाहीत वाटतं. ओल्या मेंदीचा धूर कसा असतो ते आमच्या गल्लीने अनुभवलंय. दम्याच्या माणसाला त्या रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

प्लिंथलेव्हल

शिवाय कायदा. राष्ट्रीय हरित अधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. घनकचरा नियमांतही बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून, स्थानिक संस्था सांगेल तसा त्याचा निकाल लावायचा असं म्हटलंय. रस्त्यावर, नालीत टाकायचा नाही, जाळायचाही नाही. तेव्हा सुदामानगरकर, ढीग फाटकाबाहेरून आत घ्या.

वाकडतोंड्या

अहो, गंमत केली. इथे काडी लावायच्या आधी निगमाचा सफाई दरोगा येऊन पावती फाडतो, एवढं मलाही कळतं.

मालवामुलूख

जाळण्यावरून आठवलं, थोडं अवांतर करतो. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१७-१८ च्या सुमाराला होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात होता. प्लेगाचे दिवस. दिवाळीला त्याने शहरातून एक मिरवणूक काढवली. तिच्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा भला मोठा उंदीर होता, आणि शेवटी त्यांना आग लावली. सफाई कामगारांना स्वच्छ पांढरे कपडे, हार घालून त्या मिरवणुकीत मानाने नेलं होतं. मिरवणूक ज्या रस्त्याने जाणार तो साफ केलेला हवा, या एका अटीवर लोकांनी आपापल्या गल्ल्या लख्ख केल्या.

वाकडतोंड्या

म्हणजे जाळायची परंपरा दरबारी आहे. फक्त मी लावली की ५,००० रुपये.

गोशाळाप्रेमी

झाडोरा गोशाळेला द्या ना. पुण्यही लागेल आणि ढीगही जाईल. आमच्या ओळखीत लॉनचं कापलेलं गवत नेहमी देतात.

गुरांचाडॉक्टर

थांबा, थांबा. धाग्याच्या सुरुवातीला कण्हेर लिहिलंय.

कण्हेरीचं प्रत्येक अंग विषारी असतं, पान, साल, फूल, मूळ. हृदयावर परिणाम करतं. मोठ्या जनावरालाही मूठभर पानं पुरतात. हिरव्या पानाची चव कडू म्हणून जनावर एरवी तोंड लावत नाही. पण वाळल्यावर ती कडू चव कमी होते, विष मात्र तसंच राहतं, आणि गवतात मिसळलेली वाळकी पानं जनावर निवडत बसत नाही. देवासकडे असताना अशा केसेस पाहिल्यात. गाय सकाळी चरून आली, दुपारी आडवी. त्यावर खात्रीचा उतारा आमच्याकडे नसतो. पिवळी कण्हेरही तशीच, तिच्या बिया तर जास्तच. घाणेरीने यकृताला मार बसतो, मग उन्हात जनावराची कातडी सोलवटते.

लॉनच्या गवताबद्दलही सांगतो. त्यावर कीटकनाशक किंवा तणनाशक मारलं असेल तर ते चारा नाही. आणि नुसत्या गवताची ताजी कात्रण ढिगाने ठेवली की काही तासांत आतून तापते, आंबते. अशी गरम कात्रण खाऊन पोट फुगतं. गोशाळेला द्यायचंच तर मका, ज्वारी, नेपिअर द्या, नाहीतर पैसे द्या. बागेतला ढीग नको.

गोशाळाप्रेमी

कण्हेरीचं माहीत नव्हतं, डॉक्टर. आमच्या मंदिराबाहेर ती ओळीने लावली आहे आणि खाली गाई बसतात!

गुरांचाडॉक्टर

उभ्या झाडाची भीती कमी. छाटणीच्या दिवशी लक्ष ठेवा, फांद्या लगेच उचला.

सुदामानगरकर

बरं झालं सांगितलंत. फाटकाबाहेर रोज दोन गाई येतात. फांद्या आत घेतल्या. आता या कण्हेरीचं करू तरी काय? खतात चालेल का?

हिरवाचाफा

चालेल, पण बेताने. नीट तापलेल्या खतात तिचं विष काही आठवड्यांत उतरतं. बारीक तोडायची, एका जागी दाबून न घालता इतर पाल्यात मिसळायची, आणि खड्डा जनावरं आणि मुलं यांच्या हाताबाहेर. तोडताना हातमोजे, चीक डोळ्याला लागू देऊ नका. जाड खोडं मात्र खतात नकोत, वर्षभर तशीच राहतात.

आता ढेकळांचं. सगळ्यात सोपं तेच. लॉनची ढेकळं गवत खाली, मुळ्या वर अशी पालथी रचायची. थोडं पाणी मारून वर काळं प्लास्टिक. सहा महिने ते वर्षभरात त्यातून जी माती निघते तशी विकत मिळत नाही. जागा एका खाटेएवढी लागते.

फक्त एक अट. त्यात लव्हाळा आहे का, ते आधी बघा.

सुदामानगरकर

लव्हाळा म्हणजे तो काळ्या गाठींचा? भरपूर. त्याच्यामुळेच जुनं लॉन काढलं.

हिरवाचाफा

मग पालथं रचून तो मरणार नाही. गाठी अंधारात झोप काढतात आणि माती वाफ्यात गेली की हसत वर येतात. हरळीचंही तेच. थंड खतात दोघांना काही होत नाही.

यांना ऊन आणि कोरड हवी. ढेकळं फोडून गच्चीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर पातळ पसरा. लव्हाळ्याची गाठ पूर्ण वाळली की मरते. आपल्या मे महिन्याच्या उन्हात हे काम फुकट होतं. आता जून आहे, म्हणजे घाई. पाऊस सुरू झाला तर पसरू नका. काळ्या गोण्यांत भरून, तोंड बांधून गच्चीवर ठेवा आणि पावसाळ्यानंतर वाळवा. ती माती कुणालाही देताना लव्हाळा आहे असं सांगून द्या, नाहीतर वडोदराकर वहिनींच्या ग्रुपवर शिव्या खाल.

वडोदराकर_वहिनी

मी स्वतः देईन.

ओहायोकर

आमच्याकडे पालापाचोळा कागदी पिशव्यांत भरून ठरल्या वारी कडेला ठेवायचा, गाडी घेऊन जाते. माती आणि गवताची ढेकळं मात्र त्यात चालत नाहीत. फांद्या ठराविक लांबीत कापून सुतळीने बांधायच्या. सुतळी नायलॉनची असेल तर गाडीवाला जुडी तिथेच ठेवून चिठ्ठी चिकटवून जातो.

जिरावण

चिठ्ठी कसली, आमचा गाडीवाला भोंग्यावरून नाव घेतो. सगळी गल्ली ऐकते.

मालवामुलूख

पुन्हा अवांतर, पण हे धाग्याच्या पोटातलंच आहे. खताची गोष्ट निघालीय आणि इंदूरच्या धाग्यावर अजून 'इंदूर पद्धत' कुणी काढली नाही, याचं आश्चर्य वाटलं.

जगभर सेंद्रिय शेतीवाले 'इंदोर मेथड' म्हणून जिचं नाव घेतात ती आपल्या इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत तयार झाली. तिथे १९२४ पासून इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे रसायनतज्ज्ञ यशवंत वाड. दोघांनी मिळून १९३१ साली या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. हॉवर्डचं नाव सगळ्यांना ठाऊक, वाडांचं आपल्या मराठी मंडळींनाही नाही. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले होते, तेव्हा मुद्दाम ते खत पाहायला तिथे गेले.

पद्धतीत गूढ काही नाही. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. ओल राखायची, हवा खेळती ठेवायची, ठराविक अंतराने तीनदा पालटायचं. साधारण तीन महिन्यांत खत. सुदामानगरकरांच्या फांद्यांना लागू पडेल अशी गोष्ट पुढे आहे. कपाशीच्या पळकाट्या, तुरीच्या तुरकाट्या असल्या कडक काड्या कुजत नाहीत. हॉवर्ड-वाडांनी त्या शेतरस्त्यावर पसरून ठेवल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरा झाला की मग खड्ड्यात. यंत्र नाही, वीज नाही, मजुरी नाही.

सुदामानगरकर

हे वाचून मेंदीच्या वाळक्या फांद्या कारच्या वाटेवर पसरल्यात. घरच्या मंडळींनी वेड्यात काढलंय.

ग्वाल्हेरी

मेंदीचं टोक टायरमध्ये गेलं तर पंक्चर काढणाऱ्याला हॉवर्डचं नाव सांगा. (हलकेच घ्या.)

आमच्याकडे लश्करमध्ये जुन्या वाड्यांच्या अंगणात कोपऱ्यात खड्डा असायचाच. सगळा पाला त्यात. आता अंगणालाच फरशी, मग खड्डा कुठून.

लॉनवाला

बरेच दिवस नुसता वाचत होतो, पण ठेकेदारावर एक बोट रोखलंय म्हणून लिहितो. मी हाच धंदा करतो, निपानिया-बायपासकडे जास्त.

लॉन, माती, रोपं, मजुरी असा चौरस फुटाचा भाव सगळे विचारतात. तीन जणांकडून कोटेशन घेतात आणि सगळ्यात स्वस्त निवडतात. स्वस्त कसं होतं? उचलणं त्यात धरलेलं नसतं. जो धरतो त्याचा आकडा फुगतो आणि काम दुसऱ्याला जातं. मी आधी धरायचो. आता कोटेशनमध्ये शेवटी वेगळी ओळ लिहितो: 'निघालेला माल: मालकाने ठेवायचा / आम्ही उचलायचा, ट्रॉलीमागे अमुक'. गिऱ्हाईक खूण करतं. निम्म्याहून जास्त लोक पहिल्यावर करतात आणि काम संपताना दुसरं मागतात.

आणखी एक. उचलून टाकायचा तर तो कायद्याच्या जागी न्यायला वेळ आणि डिझेल लागतं. 'कहीं भी'वाल्याला लागत नाही. दोघांच्या भावातला फरक तेवढाच आहे. स्वस्तातला ट्रॅक्टर बोलावणाऱ्यांनी मग रिकाम्या प्लॉटवरच्या ढिगांबद्दल फेसबुकवर लिहू नये, असं माझं मत.

वाकडतोंड्या

म्हणजे चूक गिऱ्हाइकाची. धंदेवाल्याने काम घेतानाच सांगायला नको का, की जुनं लॉन उखडल्यावर ते हवेत विरत नाही? लॉन तुम्ही रोज लावता, मालक जन्मात एकदा. माहिती कुणाकडे जास्त?

लॉनवाला

माहिती आमच्याकडे जास्त, मान्य. म्हणून तर ती ओळ लिहितो. पण ती ओळ वाचणार कोण?

हिरवाचाफा

मी वाचते, आणि तिच्यावरूनच माळी निवडते. आमच्या वैशालीनगरच्या बागेच्या वेळी दोघांनी "ते बघू नंतर" म्हटलं. तिसऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, जुनी माती ठेवायची का, कुठे टाकू, पाण्याचा नळ कुठे आहे. काम त्याला दिलं. त्याने वरची चांगली माती बाजूला काढून ठेवली, खालची दगडगोट्यांची वेगळी केली आणि नव्या वाफ्यात पुन्हा तीच वापरली. बाहेर गेलं ते अगदी थोडं. नवी माती विकत आणायचे पैसेही वाचले. सगळं आधी उखडायचं, मग ट्रॉलीभर जुनी बाहेर आणि ट्रॉलीभर नवी आत, यात दोन्हीकडून पैसे जातात.

प्लिंथलेव्हल

बरोबर बोललात ताई. रस्त्याच्या कामात आम्ही याला 'कट-फिल' म्हणायचो. खोदलेलं तिथेच भरता आलं तर वाहतूक शून्य. घरच्या बागेतही उंचवटा केला, वाफे चढवले की माती जिरते. फक्त झाडाच्या बुंध्याशी ढीग लावू नका. लोक कडुनिंबाभोवती फूटभर माती चढवून वर ओटा बांधतात. खोडाची साल ओलीत सडते, मुळांची हवा कोंडते, आणि दोन-चार वर्षांनी "झाड का वाळलं" म्हणून विचारत येतात.

कॅनडाहून_परत

माझा प्रश्न थोडा वेगळा. तिलकनगरमधल्या घराच्या अंगणात जुना गुलमोहर आहे, तोही या कामात काढायचाय. त्याची खोडं कोण घेतं? आरामशीनवाला?

प्लिंथलेव्हल

खोडं कोण घेतं हा नंतरचा प्रश्न. परवानगी काढलीत का? मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी तोडायला आधी निगमात अर्ज करावा लागतो. परवानगीचा कागद नसेल तर खोड नेणाऱ्या गाडीचीही पंचाईत.

हिरवाचाफा

आणि का काढताय? छाटणी करून भागत नाही का? गुलमोहराखाली लॉन येत नाही हे खरं, पण मग लॉन नका करू. सावलीत वाढणारं काहीतरी लावा.

कॅनडाहून_परत

मुळं टाकीच्या भिंतीत शिरलीत म्हणून. बरं, आधी अर्ज करतो. छाटणीने भागलं तर उत्तमच.

देवगुराडिया_दर्शन

मूळ प्रश्नाला इंदूरपुरतं उत्तर अजून नीट आलेलं नाही, म्हणून.

दगड, विटा, पेवर, खापरं हा बांधकामाचा मलबा. निगमाच्या '३११' ॲपवर विनंती टाकली की गाडी येते, त्याचे पैसे भरावे लागतात. मलबा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो, तिथे भरडून त्याचे पेवर, विटा बनतात. म्हणजे तुमचे फुटके पेवर कुणाच्या तरी अंगणात पुन्हा पेवर होऊन जातील. अख्खे असतील ते मात्र देऊ नका, वाफ्याच्या कडेला लावा.

झाडोरा वेगळा. बिचोली हप्सीला खासगी भागीदारीतून हरित कचऱ्याच्या प्रकल्पाची घोषणा २०२५ मध्ये झाली. तिथे फांद्या वाळवून त्यांचा भुसा, मग त्याच्या दाबलेल्या गोळ्या (पेलेट), कोळशाऐवजी जाळायला. कंपनी निगमाला टनामागे सुमारे ३,००० रुपये देणार असं तेव्हा जाहीर झालं होतं. शहरातला हरित कचरा दिवसाला ३० टनांच्या आसपास, पानगळीत ६०-७० टनांपर्यंत. सिरपूरलाही निगमाची अशी जागा आहे. मोठ्या फांद्या ॲपवरून बोलावून, ठरलेलं शुल्क भरून देता येतील अशी ती योजना. तुमच्या झोनल ऑफिसात विचारलंत तर आज कुठली गाडी आणि किती शुल्क ते नक्की कळेल, इथे जुना आकडा लिहून उपयोग नाही.

देवगुराडियाचाच बायो-सीएनजी प्रकल्प आहे, २०२२ मध्ये दिवसाला ५५० टनांच्या क्षमतेने सुरू झालेला. तो स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालतो. लोकांना वाटतं हिरवं ते सगळं ओलं, आणि मग ओल्याच्या कप्प्यात काटक्या कोंबतात. लाकडी काटकीचा गॅस होत नाही. भाजीची देठं ओल्यात, बोगनवेलीची काटेरी छाटणी वेगळी.

जिरावण

भाजीची देठं ओल्यात तर कोथिंबिरीची सोडून. ती पोह्यात.

लॉनवाला

देवगुराडिया_दर्शन यांनी छान लिहिलंय. भर एवढीच: गाडी बोलवायच्या आधी मुळांची माती झटका. मातीने लडबडलेल्या मुळ्या श्रेडरवाल्याला (फांद्यांचा भुगा करणारं यंत्र) नको असतात, पाती बोथट होतात. तार, खिळा, नायलॉनची दोरी असेल तर तो हातच लावत नाही.

सुदामानगरकर

मंडळी, आज काय स्थिती ते सांगतो.

चौकातून माणूस आणून ढीग वेगळा केला. वेगळा केल्यावर तो निम्माच वाटला, खरं सांगतो. अख्खे पेवर निवडून वाफ्यांच्या कडेला लावले. फुटके आणि खापरांसाठी ॲपवर विनंती टाकली, गाडी आली, पावती मिळाली. चाळलेल्या मातीतली बरीच मागच्या उंच वाफ्यात जिरवली, उरलेली शेजारच्या काकूंनी कुंड्यांसाठी नेली. लव्हाळ्याचं सांगून दिली. त्या म्हणाल्या, "अरे, लव्हाळा माझ्याकडे आधीच आहे, त्याला सोबत होईल." प्लिंथवाल्याला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्याने मुरूम मागवलाय आणि माझ्याशी जरा कमी बोलतोय.

लव्हाळ्याची ढेकळं गोण्यांत भरून गच्चीवर आहेत. कण्हेर हातमोजे घालून तोडली, पाला खड्ड्यात, खोडं बांधून ठेवलीत. मेंदी कारखाली बऱ्यापैकी चुरली. मालवामुलूख, वाडसाहेबांचे आभार.

ठेकेदाराशी बोललो. मजुरीचा अर्धा वाटा त्याने दिला, पुढच्या कोटेशनमध्ये लॉनवाल्यांसारखी ओळ टाकतो म्हणाला. आता एकच गोष्ट उरलीय. जुन्या लॉनच्या तळाशी प्लास्टिकची बारीक जाळी निघाली, मुळ्या तिच्यात विणल्या गेल्यात. ओढली की तुटते. ती मुळ्यांसकट कशात घालू?

लॉनवाला

ती गवताच्या रोलची जाळी. नर्सरीत गवत तिच्यावर वाढवतात म्हणजे रोल उचलताना फाटत नाही. लावताना काढायची असते, बहुतेक जण तशीच गाडून टाकतात. ओली असताना ओढू नका. ढेकूळ कडक वाळू द्या, मग काठीने झोडपा, माती गळून पडेल. उरलेली मुळ्या-जाळी प्लास्टिकच्या कप्प्यात. खड्ड्यात आणि श्रेडरमध्ये अजिबात नको.

नव्या लॉनखालीही असेल. कडेचा एक तुकडा उचलून बघा, अजून मुळं धरली नसतील.

सुदामानगरकर

बघितलं. आहे. ठेकेदाराला फोन लावतोय.